बडोद्यात दारू पिऊन गाडी चालवल्याची केस: रक्ताच्या रिपोर्टला आव्हान कसं द्यायचं

पीधेलाच्या (दारू प्यायल्याच्या) केसमध्ये बहुतेक जण रिपोर्टवर बोट ठेवतात ते अगदी शेवटी, अंतिम युक्तिवादात. तोवर डॉक्टर साक्ष देऊन गेलेले असतात, कोणी हरकत न घेतल्यामुळे एफएसएलचा (सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा) रिपोर्ट आपोआप रेकॉर्डवर चढलेला असतो आणि बाटलीत उरलेल्या रक्ताचं काय झालं हे कोणालाच माहीत नसतं. मग वकिलावर खापर फुटतं. वास्तविक कामाला पहिल्याच रात्री लागावं लागतं, आणि आरोपपत्राच्या नकला हातात आल्यावर तीस दिवसांत त्यातला मोठा भाग उरकावा लागतो.

लेखात केस बडोद्याची धरली आहे. गुजरातमध्ये दारूबंदी असल्याने इथे एकाच बाटलीतल्या रक्तावर दोन कायदे लागतात. त्यामुळे पुण्याच्या मेव्हण्याचे किंवा इंदूरच्या काकांचे सल्ले इथे अर्धेच उपयोगी पडतात. वकील लागेलच, पण त्याच्यापुढे काय घेऊन बसायचं हे तुम्हाला कळायला हवं.

## १. आकडा कुठल्या कायद्याला लागतो ते आधी ठरवा

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. त्यापेक्षा जास्त निघालं तर गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुढच्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही.

गुजरात दारूबंदी कायद्याच्या कलम ६६(१)(ब)खाली पिणं हाच गुन्हा आहे, मग गाडी चालवा किंवा नका चालवू. त्याच कलमाच्या पोटकलम (२)मध्ये ०.०५ टक्के ही रेषा आहे. रक्तात तेवढं किंवा जास्त अल्कोहोल सिद्ध झालं, की 'ती दारू नव्हती, औषध होतं' हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो.

रिपोर्टवर आकडा टक्क्यांत येतो आणि गडबड इथेच होते. ०.०३ टक्के म्हणजे ३० मिलिग्रॅम, ०.०५ टक्के म्हणजे ५०. समजा रिपोर्टवर ०.०४२ आहे. १८५ची मर्यादा ओलांडली, पण दारूबंदी कायद्यातला भार उलटलेला नाही. तो अजून सरकारी पक्षावरच आहे. अशा केसमध्ये दोन्ही कलमांना एकच उत्तर देणं म्हणजे हातातला पत्ता फेकून देणं.

हेल्थ परमिट (तब्येतीच्या कारणावरून दारूचा परवाना) असलेल्यांनी लक्षात घ्यावं: परमिट पिण्यासाठी आहे, स्टिअरिंगसाठी नाही. १८५ तुम्हालाही लागतं.

सावधान. 'दंड भरून मोकळे होऊ' म्हणून पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करू नका. १८५खाली दोषी ठरलात की कोर्टाला किमान सहा महिने लायसन्स रद्दबातल ठेवण्याचा हुकूम करावा लागतो, पुढची केस दुसरा गुन्हा म्हणून मोजली जाते, आणि कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपिलात फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर का, एवढंच मांडता येतं. रिपोर्टवर बोलायचा दरवाजा बंद होतो.

## २. पहिली रात्र: भांडू नका, लिहून ठेवा

आपल्या मराठी घरांत अशा रात्री पहिला फोन कोणाच्या तरी ओळखीच्या पीआयला जातो. त्यात जो तासभर जातो, त्यात कोणीतरी वही-पेन घेऊन सयाजी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत उभं राहिलेलं जास्त कामाचं. (किंवा पोलिसांनी जिथे नेलं असेल तिथे.) लिहायचं ते असं:

- गाडी थांबवली ती वेळ, अटकेची वेळ, रक्त काढल्याची वेळ. तिन्ही वेगवेगळ्या.
- रक्त कोणी काढलं: डॉक्टरांनी, नर्सने की लॅबच्या माणसाने.
- कातडी कशाने पुसली. बोळ्याला स्पिरिटचा वास होता का.
- रक्त कशात भरलं. बाटलीत आधीपासून पांढरी पूड होती का, भरल्यावर ती हलवली का.
- लाख लावून सील तिथेच केलं की बाटली तशीच पोलिसाच्या हातात दिली.
- सलाईन चालू होतं का, आणि रक्त त्याच हातातून घेतलं का.

हे कागदावर उतरवून त्याच रात्रीचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज म्हणून घरच्यांना पाठवून ठेवा. तारीख-वेळ आपोआप पडते. डॉक्टरांच्या तोंडावर मोबाइल धरून शूटिंग करू नका. त्यातून वेगळाच गुन्हा अंगावर यायचा.

रक्त द्यायला नकारही देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०५प्रमाणे सबळ कारणाशिवाय दिलेला नकार तुमच्याविरुद्धच्या पुराव्याला टेकू म्हणून धरता येतो. दारूबंदी कायद्याच्या कलम १२९अ खाली तर वाजवी बळ वापरून रक्त घेता येतं आणि प्रतिकार हा स्वतंत्र गुन्हा होतो. महिलेची तपासणी असेल तर १२९अ प्रमाणे ती महिला डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली व्हायला हवी. हे मात्र तिथल्या तिथे, शांतपणे, मागून घ्या.

डॉक्टर 'किती घेतली?' विचारतात. 'दमणहून येतोय, तिथे दोनच पेग' हे उत्तर केसपेपरवर जसंच्या तसं उतरतं. पुढे ते वाक्य पुराव्यातून बाहेर काढायला निराळी लढाई लढावी लागते. नाव, वय, चालू औषधं, दुखापत एवढं सांगा.

तपासा. अटकेतल्या माणसाच्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत त्याला किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीला मिळण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ५३मध्ये आहे. सकाळ होण्याआधी ती मागा.

## ३. पहिल्या आठवड्यात दोन अर्ज

पहिला अर्ज सीसीटीव्हीचा. हॉस्पिटलचं फुटेज भराभर पुसलं जातं, म्हणून अर्ज लगेच, तारीख आणि तास घालून, आवक शिक्का मारून. पोलिस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांचं फुटेज १८ महिने, आणि ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष जपावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२०चा आदेश आहे. त्याचा उल्लेख करा.

दुसरा अर्ज कोर्टात: तपासून उरलेलं रक्त केस संपेपर्यंत जपून ठेवण्याचा हुकूम एफएसएलला द्यावा. दुसरी चाचणी हा आपोआप मिळणारा हक्क नाही, पण नमुनाच नष्ट झाला तर मागायलाही काही उरत नाही. फेरतपासणी मागायची की नाही हे नंतर ठरवा. आकडा मोठा असेल आणि कागद सैल असतील तर फेरतपासणी न मागितलेली बरी.

## ४. कागद गोळा करा आणि वेळांचा तक्ता मांडा

संहितेच्या कलम २३०प्रमाणे नकला मिळतात, पण मिळतात ते आरोपपत्रासोबतचे कागद. बाटलीचा प्रवास ज्या नोंदवह्यांत असतो त्या सहसा त्यात नसतात. त्यासाठी कलम ९४चा अर्ज द्यावा लागतो. एकूण हे सगळं हवं:

पोलिसांची डॉक्टरांना दिलेली यादी (म्हणजे तपासणीसाठीचं पत्र), वैद्यकीय तपासणीचा फॉर्म 'अ', रक्तासोबत गेलेला फॉर्म 'ब', एफएसएलचा फॉर्म 'क', मुद्देमाल रजिस्टरचं पान, रवानगी नोंध (नमुना पाठवल्याचा कागद), एफएसएलने नमुना घेतल्याची पावती, आणि ठाण्याची त्या दिवसाची डायरी.

आता एका कागदावर उभ्या ओळीत मांडा: रक्त काढलं, सील केलं, पोलिसाला दिलं, ठाण्यात जमा, ठाण्यातून बाहेर, एफएसएलला पोचलं, तपासलं, रिपोर्ट निघाला. प्रत्येकासमोर तारीख, तास, माणसाचं नाव आणि ज्या कागदावर ते आहे त्याचा क्रमांक. जी जागा मोकळी राहते, तिथे तुमची केस आहे.

एक नमुना पाहा. १२ मेच्या रात्री ११.४० ला रक्त काढलं. मुद्देमाल रजिस्टरला नोंद १४ तारखेची. रवानगी १८ला, एफएसएलची पावती २१ची. आता १२च्या रात्रीपासून १४पर्यंत बाटली कुठे होती? बडोद्यातला मे महिना, पारा चाळिशीच्या वर, आणि ठाण्यात फ्रीज असल्याची नोंद कुठेच नाही. शिवाय १२ ते २१ म्हणजे नऊ दिवस. हे नऊ दिवस का महत्त्वाचे, ते पुढच्या टप्प्यात.

तपासा. बाटलीवरच्या लेबलवरचं नाव, फॉर्म 'ब'वरचं आणि रिपोर्टवरचं नाव. मराठी आडनावं गुजरातीत लिहिताना बदलतात; जाधवचा जादव होतो, कधी थेट यादव. नुसत्या स्पेलिंगवर कोणी सुटत नाही. पण नाव वेगळं आणि त्यावर नमुना क्रमांक किंवा सीलही जुळत नसेल, तर ते रक्त तुमचंच होतं का, हा प्रश्न उभा राहतो.

## ५. नियम ४ शेजारी ठेवून ताडा

दारूबंदी कायद्याखालच्या केससाठी १९५९चे वैद्यकीय तपासणी आणि रक्त चाचणी नियम आहेत. मुंबई राज्य असतानाचे, पण गुजरातमध्ये चालू. त्यातला नियम ४ पाठ करण्यासारखा आहे:

रक्त नोंदणीकृत डॉक्टरने सिरिंजने काढायचं. कातडी निर्जंतुक पाण्याने पुसायची. कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श नको. शिरेतलं निदान ५ सीसी रक्त घ्यायचं. ते गोठू नये आणि नासू नये यासाठीची द्रव्यं असलेल्या बाटलीत भरून जोरात हलवायचं. लेबल लावायचं, लाखेने डॉक्टरांचं सील मारायचं. नमुना काढल्यापासून सात दिवसांच्या आत तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे पोचला पाहिजे, आणि सोबतच्या फॉर्म 'ब'वर त्याच सीलची प्रतिमा हवी.

लोक सात दिवस मोजतात ते रवानगीपर्यंत. मोजायचे ते पावतीपर्यंत. वरच्या नमुन्यात रवानगी सहाव्या दिवशी झाली म्हणून सगळे निर्धास्त बसले असते.

आता कुठल्या उणिवेला किती वजन, याबद्दल माझं मत.

*प्रिझर्व्हेटिव्ह.* सर्वांत वजनदार. सोडियम फ्लोराइडसारखं द्रव्य नसेल तर रक्तातल्या साखरेवर जंतू आणि यीस्ट काम करतात आणि अल्कोहोल बाटलीतच तयार होऊ शकतं. पण प्रमाणाचं भान ठेवा. रिपोर्ट ०.०५५ असेल तर हा मुद्दा सरकारी पक्षाच्या गळ्याशी येतो, ०.१८ असेल तर न्यायाधीश नुसते बघतील.

*उशीर.* एकटा उशीर तुमच्या बाजूचा आहेच असं नाही. झाकण सैल असेल तर अल्कोहोल उडून आकडा कमी होतो, आणि सरकारी वकील तेच म्हणतील. उशीर नेहमी प्रिझर्व्हेटिव्ह, उष्णता आणि सील यांच्याशी जोडून मांडा.

*स्पिरिटचा बोळा.* सगळ्यांचा लाडका मुद्दा. आधी रिपोर्टवर पद्धत पाहा. गॅस क्रोमॅटोग्राफीत इथेनॉल आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वेगळे दिसतात, त्यामुळे बोळा आयसोप्रोपिलचा असेल तर आकडा फारसा हलत नाही. डायक्रोमेटच्या जुन्या रासायनिक पद्धतीत असा फरक कळत नाही. पद्धत रिपोर्टवर लिहिलीच नसेल, तर तो स्वतंत्र प्रश्न.

*उकळत्या पाण्यातली सिरिंज.* नियमात आहे खरं, पण आता सीलबंद डिस्पोजेबल सिरिंज वापरतात. यावर कोर्टाचा वेळ घालवू नका, बाकीचे मुद्देही हलके होतात.

*हॉस्पिटलच्या लॅबचा आकडा.* अपघातानंतर उपचारासाठी केलेली चाचणी बरेचदा सीरमवर (रक्तातल्या पेशी वगळून उरणाऱ्या द्रवावर) असते. सीरममधला आकडा संपूर्ण रक्तापेक्षा साधारण १५ टक्के जास्त येतो. सीरमचे ५५ म्हणजे संपूर्ण रक्ताचे अंदाजे ४८. काठावरच्या केसमध्ये रेष इथेच बदलते. शिवाय गंभीर जखमींमध्ये लॅक्टेट वाढलेलं असतं आणि एन्झाइम पद्धतीत त्यानेही आकडा फुगू शकतो.

*वेळेचं अंतर.* रिपोर्ट सांगतो तो रक्त काढतानाचा आकडा. शेवटच्या घोटानंतर अर्ध्या ते दीड तासात पातळी शिखरावर जाते, पोट भरलेलं असेल तर आणखी उशिरा. मग ताशी साधारण १० ते २० मिलिग्रॅमने उतरते. पिऊन लगेच निघालेल्या माणसाची पातळी गाडी चालवताना कमी आणि हॉस्पिटलात जास्त असू शकते. दोन-तीन तास उलटले असतील तर मात्र हाच हिशेब तुमच्यावर उलटतो. आणि दारूबंदी कायद्याखाली याचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण तिथे पिणंच गुन्हा आहे.

## ६. लेखी हरकत: तीस दिवस

सगळ्यात जास्त केसेस इथे घसरतात. १ जुलै २०२४पासून नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम ३३०प्रमाणे कागद मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत ते मान्य की अमान्य हे सांगायचं असतं, आणि कोणत्या तरी पक्षाने रिपोर्टवर वाद उपस्थित केल्याशिवाय तज्ज्ञाला साक्षीला बोलावता येत नाही. म्हणजे तुम्ही गप्प बसलात तर एफएसएलचा अधिकारी पिंजऱ्यात येणारच नाही. कोर्ट कारणं नोंदवून मुदत वाढवू शकतं, पण त्या भरवशावर राहू नका.

हरकतीच्या अर्जात 'रिपोर्ट खोटा आहे' असं मोघम लिहू नका. 'फॉर्म अ, ब, क, रवानगी नोंध आणि पावती यांतला मजकूर अमान्य. नमुन्याची ओळख, जपणूक आणि चाचणीची पद्धत यांवर वाद' एवढं पुरे. तुमचा वेळांचा तक्ता इथे जोडू नका. तो सरकारी वकिलाला आत्ताच दाखवलात तर भोकं बुजवणारे साक्षीदार यादीत यायला वेळ लागत नाही.

दारूबंदी कलमांसाठी आणखी एक हत्यार आहे. कलम १२९ब प्रमाणे आरोपीने अर्ज केला तर प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरला किंवा तपासनिसाला (एफएसएलमध्ये रक्त तपासणाऱ्या अधिकाऱ्याला) कोर्टाने बोलवावंच लागतं. संहितेच्या कलम ३२९मध्ये ते कोर्टाच्या मर्जीवर आहे. अर्जात १२९ब चा उल्लेख नसेल तर 'आवश्यक वाटत नाही' म्हणून तो फेटाळला जाऊ शकतो.

## ७. उलटतपासणी: ज्याचा प्रश्न त्यालाच

डॉक्टरला सीलच्या पुढच्या प्रवासाचं विचारून उपयोग नाही, आणि तपासनिसाला बोळ्याचं. वाटणी अशी: काढणं, बाटली आणि सील डॉक्टरकडे, दोन तारखांमधली जागा मुद्देमाल कारकुनाकडे आणि बाटली नेणाऱ्या पोलिसाकडे, सील कसं मिळालं, पद्धत, किती वेळा मोजलं हे तपासनिसाकडे.

प्रश्न कागदावरून विचारा, कुतूहलातून नाही. कागद गप्प असेल तिथे मोकळा प्रश्न म्हणजे समोरच्याला दिलेली संधी.

चूक: 'डॉक्टरसाहेब, तुम्ही स्पिरिट वापरलं होतं ना?' उत्तर येतं, 'नाही, डिस्टिल्ड वॉटर.' रिकामी जागा तुम्हीच भरून दिलीत.

बरोबर: 'फॉर्ममध्ये कातडी कशाने पुसली याची नोंद नाही, बरोबर?' 'बरोबर.' 'बाटलीत कोणतं द्रव्य आणि किती, याचीही नाही?' 'नाही.' 'बाटली तुम्ही स्वतः तयार केली नव्हती?' 'तयार येते.' 'त्या रात्री तुम्ही आणखी किती जणांचं रक्त घेतलंत, हे आज आठवणीतून सांगता येणार नाही?' 'नाही.' आणि बसा.

हा शेवटचा प्रश्न ३१ डिसेंबरच्या किंवा होळीच्या आसपासच्या केसमध्ये फार चालतो, कारण त्या रात्री रांगच लागलेली असते.

तपासनिसासाठी पहिला प्रश्न रिपोर्टच्या भाषेतला: 'मिळालेलं सील आणि फॉर्म "ब"वरची प्रतिमा ताडून पाहिल्याची नोंद कुठे आहे?' मग आकड्याची अचूकता. ०.०५१ टक्के असेल आणि मोजमापातली अनिश्चितता अवघी पाच टक्के धरली, तरी खालचं टोक ०.०४८ वर येतं. अनिश्चितता रिपोर्टवर लिहिलेली नसेल तर ती किती, हे त्याच्याच तोंडून यायला हवं.

सावधान. बाटली नेणारा पोलिस सरकारी पक्षाच्या साक्षीदारांत नसेल तर तुम्ही त्याची आठवण करून देऊ नका. कोर्ट संहितेच्या कलम ३४८खाली कोणालाही, कधीही बोलावू शकतं. त्याच्या गैरहजेरीवर बोट ठेवायचं ते सरकारी पुरावा बंद झाल्यावर.

## ८. जे चालत नाही

'दोन तासांत तपासणी झाली नाही, केस संपली.' मोटार वाहन कायद्याचं कलम २०२ म्हणतं की अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी न झाल्यास कोठडीतून सोडावं. पुरावा रद्द होतो असं त्यात नाही. उशीर मांडा, पण यावरच विसंबू नका.

'१२९अ पाळलं नाही म्हणजे रक्त पुराव्यात येऊच शकत नाही.' सर्वोच्च न्यायालयाने १९६३मध्ये उखा कोल्हे खटल्यात सांगितलं आहे की पिणं इतर मार्गांनीही सिद्ध करता येतं. तेव्हा मुद्दा 'येऊ शकत नाही' असा नको, 'विश्वास ठेवण्याजोगं नाही' असा हवा.

'मी दशमूलारिष्ट घेतलं होतं.' हिशेब करा. दहा टक्के अल्कोहोल धरलं तरी ३० मिलिलिटर मात्रेत सव्वादोन-अडीच ग्रॅम अल्कोहोल. सत्तर किलोच्या माणसात त्याने १०० मिलिलिटरला जेमतेम ५ मिलिग्रॅम चढतं. ५० गाठायला एका बैठकीत पाव लिटरहून जास्त अरिष्ट रिचवावं लागेल. माउथवॉशचंही तसंच, त्याचा परिणाम फुंकण्याच्या मशीनवर काही मिनिटं, रक्तावर नाही.

'रक्त घेणं म्हणजे मला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं.' शरीरातून घेतलेला भौतिक पुरावा आणि तोंडी साक्ष यांत न्यायालयांनी १९६१पासून फरक केलेला आहे.

## ९. रिपोर्ट पडला तरी उरतं ते

तोंडाचा वास, अडखळती चाल, लाल डोळे हे फॉर्म 'अ'वर असतंच. रिपोर्ट हलला की सरकारी पक्ष तिकडे वळतो. १९७१च्या बचुभाई करयानी निकालात सर्वोच्च न्यायालयाने चाचणीविना अशा नुसत्या लक्षणांवरून नशेचा ठाम निष्कर्ष काढायला नकार दिला होता. तो हाताशी ठेवा. डोक्याला मार, झोप न झालेली, मधुमेहात साखर उतरलेली असं काही असेल तर त्याच रात्रीचे उपचाराचे कागद लावा. नंतर आणलेलं सर्टिफिकेट कोणी मानत नाही.

संहितेच्या कलम ३५१च्या जबाबात (कोर्ट आरोपीला थेट प्रश्न विचारतं तेव्हा) 'मला काही माहीत नाही' असं प्रत्येक प्रश्नाला म्हणू नका. रक्त कोणी, केव्हा, कसं काढलं याबद्दल पहिल्या रात्री लिहिलेलं इथे थोडक्यात सांगा, म्हणजे युक्तिवादाला आधार राहतो. युक्तिवाद लेखी द्या, पहिल्या पानावर वेळांचा तक्ता लावा, आणि दोन्ही कायद्यांचे मुद्दे वेगळ्या मथळ्यांखाली लिहा. निकाल विरुद्ध गेला तर सत्र न्यायालयात अपिलाला तीस दिवस असतात; प्रमाणित नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका, नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात.